परदेशस्थ आणि परगावचा

आपल्या समाजाच्या नियतकालिकांतून एक लेखनप्रकार अलीकडे चांगलाच फोफावला आहे. कोणाचा मुलगा, कोणाची भाची, कोणाचे जावई नोकरीनिमित्त पॅरिसला, लिओंला अथवा तुलूझला जाऊन राहतात. तेथून ते सविस्तर पत्र धाडतात आणि संपादकमंडळी ते मोठ्या कौतुकाने छापतात. या लेखांना आमची हरकत नाही. माणसे दूरदेशी जातात, नवे पाहतात आणि घरच्यांना कळवतात, ही मुळात आनंदाचीच गोष्ट आहे. आमची तक्रार आहे ती या लेखांतून काय दिसते आणि काय दिसत नाही, याविषयी.

काय दिसते, ते वाचकांना पाठ झाले आहे. १८८९ सालचा आयफेल मनोरा दिसतो. सेन नदीवरचे पूल दिसतात. १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत होरपळलेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेले नोत्र दाम महामंदिर दिसते. र्यू द्यु बाक या रस्त्यावरचे, १८३० साली पवित्र मरियेने दर्शन दिले ते छोटे मंदिर आणि लूर्दची मेणबत्त्यांची मिरवणूक तर हवीच. त्यानंतर हातभर लांबीचा पाव, शेकडो प्रकारचे चीज, दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हटले नाही तर कपाळाला आठ्या घालणारा दुकानदार, आणि अखेरीस ठरलेले वाक्य : आपल्याकडे अशी शिस्त केव्हा येणार?

काय दिसत नाही? शेजारी दिसत नाही. लेखकाला तेथे पाच-सहा वर्षे झालेली असतात, परंतु त्याच्या जिन्यावर समोरच्या दाराआड कोण राहते, त्याचे नाव काय, त्याच्या घरी दुखले-खुपले तर कोण धावते, याचा लेखात मागमूस नसतो. पहाटे भुयारी रेल्वेची स्थानके झाडणारा माणूस दिसत नाही. राहण्याच्या परवान्यासाठी सरकारी कार्यालयात घातलेल्या खेपा, तेथील खिडकीमागच्या बाईंचा तुटक स्वर, ‘हा कागद नाही, तो आणा’ ही वाक्ये आणि त्या रांगेत आपल्या मागेपुढे उभे असलेले अल्जीरियाचे, मालीचे, श्रीलंकेचे लोक, यांतले काहीच लेखात येत नाही. खिशात अभियंत्याची पदवी असली, तरी त्या रांगेत आपला मुलगाही परकाच असतो. ही गोष्ट घरच्यांपासून लपवावी असे त्यास वाटत असेल, तर आम्ही समजू शकतो. पण ती समाजापासून लपवून समाजाचे कोणते भले होते, हे आम्हांस उमगलेले नाही.

आम्ही हिंगोली जिल्ह्याच्या बाजूचे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ. आपली कुटुंबे येथे थोडी. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या पसाऱ्यात आमच्याकडचे धर्मगुरू मैलोन्मैल फिरतात, तेव्हा कुठे सर्वांना मिस्सा मिळतो. वसई-मुंबईच्या वाचकांना हिंगोली म्हटले की हळद आठवेल, फार तर औंढ्याचे ज्योतिर्लिंग. परंतु परमुलखात राहण्याच्या विषयावर बोलण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणत्या एका जिल्ह्याला असेल, तर तो आमच्या जिल्ह्याला आहे, असे आम्ही जरा अभिमानानेच म्हणतो. त्याचे कारण हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे गाव.

परंपरेप्रमाणे संत नामदेवांचा जन्म १२७० सालचा आणि त्यांच्या घराण्याचे मूळ गाव नरसी. (जन्म नरसीला की पंढरपुरी, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद मिटवण्याची आमची पात्रता नाही आणि आमच्या मुद्द्याला त्याची गरजही नाही.) शिंपी कुळातला हा माणूस. त्यास गुरू भेटले तेही आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या देवळात : विसोबा खेचर. ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतल्यानंतर पुढे कधीतरी नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबात, आजच्या गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे राहिले. यात्रेकरू जातो तसे ते गेले नाहीत. बिऱ्हाड करून राहावे तसे वर्षानुवर्षे राहिले. वीसएक वर्षे, असे परंपरा सांगते.

या वास्तव्याचे फलित काय? १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत. ती मराठी अभंगांची भाषांतरे नव्हेत. त्या मुलखात समजेल अशा जुन्या हिंदीत, पंजाबी वळणाने ती रचलेली आहेत. मात्र त्यांत मधूनच एखादा मराठी शब्द डोकावतो आणि विठ्ठलाचे नाव ‘बीठल’ होऊन भेटते. कर्त्याने आपला देव सोडला नाही आणि त्या लोकांची बोलीही परकी मानली नाही. पन्नाशीच्या आसपास पोचलेला मनुष्य दुसऱ्याची भाषा शिकतो आणि इतकी शिकतो की सहा-सात शतकांनंतरही त्या लोकांच्या पहाटेच्या उपासनेत त्याचे शब्द गायिले जातात. पॅरिसच्या पत्रलेखकांनी हे एकदा मनाशी ताडून पाहावे. घुमानचा बाजार कसा होता, तेथे काय स्वस्त मिळे, रस्ते किती रुंद होते, याविषयी नामदेवांनी काही लिहून ठेवलेले नाही. तरीही घुमानकरांनी त्यांचे देवस्थान बांधले आणि नामदेवांना आपले मानले. त्यांनी देह तेथेच ठेवला असे पंजाबी भक्त म्हणतात आणि आपण पंढरपुरी महाद्वाराशी नामदेवांची पायरी दाखवतो. एका माणसाच्या अंतिम विसाव्यावर दोन प्रांतांनी हक्क सांगावा, यापरते परमुलखातल्या राहणीला मिळणारे दुसरे प्रशस्तिपत्र कोणते?

एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अठ्ठ्याऐंशीवे अधिवेशन घुमानला भरले, तेव्हा ‘इतक्या दूर कशाला?’ म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली होती. अध्यक्ष सदानंद मोरे होते. मराठी माणूस घराबाहेर पडला तो फक्त लढाईसाठी किंवा नोकरीसाठी, असे मानणाऱ्यांना ते संमेलन हे चांगले उत्तर होते. आजही नांदेडच्या हुजूर साहिबला आलेले पंजाबी यात्रेकरू वाट वाकडी करून नरसीला येतात. तेथे त्यांचा गुरुद्वाराही आहे. नरसीच्या माणसाला पगडीवाला पाहुणा नवा नाही.

आता कोणी म्हणेल, नामदेव संत होते, त्यांचा दाखला सामान्य संसारी माणसाला कशाला? ठीक. तर मग फ्रान्सचीच उदाहरणे घेऊ, आणि तीही आपल्या घरातली.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात एत्येन द ला क्रुआ नावाचे एक फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू गोव्यात राहत होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ सालचे. ते आपणांस ठाऊक आहे, निदान नावाने ठाऊक आहे. पण त्यांच्या पाठोपाठ या फ्रेंच मनुष्याने संत पेत्राच्या चरित्रावर हजारो ओव्यांचे मराठी पुराण रचले आणि ते गोव्यातच छापले गेले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? फ्रान्सहून आलेला माणूस आपल्या भाषेत ओवी रचतो, आणि चारशे वर्षांनी आपला माणूस फ्रान्सला जाऊन पावाच्या लांबीवर लेख लिहितो. हा हिशेब आम्हांस तरी नफ्याचा वाटत नाही.

ही परंपरा तेथे संपली नाही. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीच्या घडणीवर जो ग्रंथ लिहिला, त्यावाचून मराठी भाषेचा इतिहास आजही शिकवता येत नाही. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ साली मराठीत आणला. येशूसंघीय फादर गी देल्यूरी यांनी पंढरीच्या वारीचा आणि विठोबाच्या उपासनेचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केले. त्याआधी १९५६ साली तुकोबांचे अभंग त्यांनी फ्रेंच वाचकांपुढे ठेवले होते. आणि गी पॉइतव्हँ. हे १९७२ साली पुण्यास आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि २००४ साली निवर्तले. हेमा राईरकर यांच्या साथीने त्यांनी खेडोपाडीच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, लाखाहून अधिक ओव्या. मावळ-मुळशीच्या ज्या बायकांना त्यांच्या घरातही कोणी ‘तुला काय येते?’ असे विचारले नव्हते, त्यांच्या पुढ्यात हा फ्रेंच मनुष्य आणि त्याचे सहकारी वही उघडून बसले. बर्नार बेल या त्यांच्या देशबांधवाने ते ध्वनिमुद्रण जपून ठेवण्याची व्यवस्था लावली.

शहर पाहणे, गाव शोधणे म्हणजे काय, हे आम्ही या माणसांकडून शिकलो. पॉइतव्हँ यांना मुळशीच्या डोंगरात काही ‘प्रेक्षणीय’ गवसले नव्हते. त्यांना पहाटेच्या अंधारात दळणारी बाई गवसली.

आणि उलट दिशेने गेलेला आपला माणूस? तोही आहे, पण त्याची गोष्ट पत्रलेखकांना सोयीची नाही. गोव्याच्या कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेले जुझे कुस्तोदियो फारिया, म्हणजेच आबे फारिया. रोममध्ये शिकून ते धर्मगुरू झाले, १७८८ साली पॅरिसला पोचले, राज्यक्रांतीच्या धामधुमीत सापडले. पुढे मार्सेय आणि नीम येथे अध्यापन करून पुन्हा पॅरिसला आले आणि १८१३ पासून त्यांनी संमोहननिद्रेचे जाहीर प्रयोग सुरू केले. त्या काळचे पंडित सांगत होते की ही निद्रा प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून निघणाऱ्या कोणत्या तरी चुंबकीय द्रवामुळे येते. फारिया म्हणाले, तसे काही नाही. ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते. पुढच्या शास्त्राने त्यांचेच म्हणणे उचलून धरले. परंतु हयातीत त्यांच्या वाट्याला काय आले? १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची टर उडवणारे नाटक आले, लोक हसले, प्रयोगांची गर्दी ओसरली. १८१९ साली त्यांचा ग्रंथ बाहेर पडला आणि त्याच वर्षी ते पॅरिसमध्येच वारले. पुढे अलेक्झांडर द्युमा या कादंबरीकाराने त्यांचे नाव आपल्या एका कैद्याला दिले म्हणून ते जगाला ठाऊक झाले. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोर उभे राहून आपले लोक छायाचित्रे काढतात.

फारियांनी पॅरिसहून घरी पत्र लिहिले असते, तर त्यात सेन नदीचे वर्णन कितीसे असते?

आता आम्ही मूळ दुखण्याकडे येतो.

आमच्या जिल्ह्यातून आजही माणसे बाहेर पडतात. फ्रान्सला नव्हे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. त्यांची गणतीही माणसांत नव्हे, हत्यारांत होते. सेनगाव-कळमनुरीकडची तरुण पोरे पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात, कोणी वीटभट्टीवर, कोणी रखवालदारीला. कोरडवाहू जमीन, सोयाबीनचा भाव पडलेला, एखाद्या वर्षी पाऊस दडी मारतो तर दुसऱ्या वर्षी ऐन काढणीत झोडपतो. मग दुसरे करणार काय?

तीही माणसे परमुलखातच राहतात. तीही नवे शहर शोधून काढतात. मजूर अड्ड्यावर सकाळी किती वाजता उभे राहिले तर काम मिळते, कोणत्या गल्लीतला डॉक्टर रात्री दहापर्यंत बसतो आणि पैसे पुढच्या आठवड्यात घेतो, पिण्याचे पाणी कोणत्या नळाला कधी येते, मुलाला शाळेत घालताना कोणता दाखला मागतात, गुरुद्वारात लंगर केव्हा असतो, हे सर्व त्यांना शोधावे लागते. आयफेल मनोरा शोधावा लागत नाही. तो लांबूनही दिसतो. हे ज्ञान कष्टाचे आहे आणि त्यावर लिहिले गेले तर उत्तम लेख होईल. तो लेख आपल्या नियतकालिकांत आम्ही कधी वाचला नाही.

कारण उघड आहे. पॅरिसला राहणाऱ्यास आपण ‘परदेशस्थ’ म्हणतो आणि पुण्यात राहणाऱ्या सेनगावकरास ‘बाहेरचा’. पहिल्या शब्दात मान आहे, दुसऱ्यात संशय. गंमत म्हणजे हा दुटप्पीपणा खुद्द फ्रेंच भाषेतही आहे. फ्रेंच माणूस नोकरीसाठी दुबईला गेला की तो ‘एक्स्पात्रिए’ आणि अल्जीरियाचा माणूस फ्रान्समध्ये रस्ते बांधायला आला की तो ‘इमिग्रे’. युद्धानंतर फ्रान्सच्या गिरण्या, मोटारींचे कारखाने, इमारती ज्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या, त्यांची भरती १९७४ साली थांबवण्यात आली, पण तो शब्द त्यांच्या मुला-नातवंडांना अजून चिकटलेला आहे. आपल्या पत्रलेखकांनी फ्रेंचांची शिस्त उचलली नाही, हा शब्दभेद मात्र बिनबोभाट उचलला. त्यांनाही त्या देशात कोणी कोणत्या शब्दाने ओळखते, हे त्यांनी एकदा कानोसा घेऊन पाहावे.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे. परदेशी जाणारा शिक्षणाच्या बळावर जातो, हा मजूर पोटासाठी जातो, दोघांना एका तराजूत कसे तोलता? आम्ही विचारतो, पॅरिसला जाणारा पोटासाठी जात नाही, तर मग कशासाठी जातो? पगार चांगला म्हणून जातो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन मिसर देशी गेली ती जीव वाचवण्यासाठी. रूथ बेथलेहेमला आली आणि दुसऱ्याच्या शेतात पडलेली कणसे वेचून तिने सासूला जगवले. आजच्या भाषेत ती हंगामी शेतमजूर होती आणि परक्या जमातीची होती. प्रभूच्या वंशावळीत मत्तयने तिचे नाव घालताना तिच्या पदवीची चौकशी केलेली नाही.

दुसरा आक्षेप जरा नाजूक आहे. ‘ही माणसे आपली नव्हेत, धर्माने वेगळी आहेत; आपल्या नियतकालिकात त्यांचे काय काम?’ पहिली गोष्ट, त्यांतली काही आपली आहेत. मराठवाड्यातून, नगर जिल्ह्यातून पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मराठी कॅथॉलिक कुटुंबांची संख्या थोडीथोडकी नाही. शहरातल्या धर्मग्रामांत त्यांचे स्वागत कसे होते? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने शहरातील एका चर्चमध्ये मराठी मिस्साची चौकशी केली, तेव्हा त्यांना महिन्यातला एक रविवार आणि भर दुपारची वेळ सांगण्यात आली. त्या वेळी त्यांना कामावरून सुटी नसते. त्या धर्मग्रामाचे नाव आम्ही घेत नाही, कारण वाचकांपैकी अनेकांना ते आपलेच वाटेल. आणि ज्या पॅरिसचे गोडवे आपण गातो, त्या पॅरिसमध्ये श्रीलंकेतून जीव मुठीत धरून आलेल्या तमिळ ख्रिस्ती लोकांसाठी तमिळ भाषेत मिस्सा होतो, हे आपल्या एकाही पत्रलेखकाला दिसले नाही! मोठ्या रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ला शापेल भागात, तमिळ पाट्यांची दुकाने ओळीने आहेत. तेथे कढीपत्ता घ्यायला आपली मंडळी जातात, असे ऐकतो. कढीपत्ता घेतला, दुकानदाराची कहाणी विचारली नाही.

दुसरी गोष्ट, धर्माने वेगळी असली म्हणून काय झाले? नामदेव पंजाबात गेले ते वारकरी म्हणून. शिखांनी त्यांचे शब्द आपल्या ग्रंथात घेताना त्यांचा दाखला तपासला नाही. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलोनला गेलेल्या यहुद्यांना पत्र पाठवले, त्यात त्याने घरे बांधा, बागा लावा, ज्या शहरी आहात त्या शहराच्या हितासाठी प्रार्थना करा, असेच कळवले आहे. ते शहर त्यांच्या धर्माचे नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट. आमच्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो प्रयोगशाळेची उभारणी व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला दोन हजार सहाशे कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशीच एक वेधशाळा फ्रान्स आणि इटली यांनी मिळून इटलीत पिझा शहराजवळ उभारलेली आहे. उद्या परदेशांतले शास्त्रज्ञ औंढ्याला, हिंगोलीला बिऱ्हाड करतील. त्यांच्यातला कोणी आपल्या देशी पत्र लिहील. त्याने ज्योतिर्लिंगाचे देऊळ, हळदीच्या शेतांचा पिवळेपणा आणि आपल्या रस्त्यांतले खड्डे एवढेच लिहिले, तर आपल्याला राग येईल. आपण म्हणू, या माणसाने आम्हांला पाहिलेच नाही. तो राग रास्त असेल. मग आपल्या मुलांच्या पॅरिसच्या पत्रांवर लिओंच्या किंवा तुलूझच्या माणसाने काय म्हणावे?

आम्ही संपादकांना दोन गोष्टी सुचवू इच्छितो. फ्रान्सहून येणारी पत्रे जरूर छापावीत. मात्र लेखकाला परतटपाली विचारावे, तुमच्या शेजाऱ्याचे नाव काय, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता, आणि परवान्याच्या खेपांत तुम्हांला काय वाटले? उत्तर येईपर्यंत लेख राखून ठेवावा. आणि दुसरे, पुढच्या अंकाची चार पाने पुण्या-मुंबईत, कारखान्यांच्या फडांवर राहणाऱ्या मराठवाड्याच्या माणसांसाठी ठेवावीत. त्यांतल्या पुष्कळांना लिहिण्याचा सराव नाही. धर्मग्रामातल्या तरुणांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे, ते सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे आणि त्यांना वाचून दाखवावे. ऊसतोडीचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यानंतर ही माणसे गावी परततात आणि मग गाठ पडणे कठीण. सेनगाव आणि कळमनुरीकडची नावे-ठिकाणे हवी असतील, तर ती आम्ही पुरवू.